ठिपके आपोआप आले

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोलीचं दार उघडलं तर कोळ्यांनी संसार थाटलेला. लॅबमध्ये माझ्या जागेवर ज्या बाई बसत होत्या त्यांनी माझी मेणाची सुरी बोथट करून ठेवली आहे, आणि वर मलाच विचारतात की एवढी रजा काढून नवरा शोधत होतीस का. मी म्हटलं, कवळ्या करून करून आता माणूस दिसला की आधी त्याचे दातच दिसतात, नवरा कसा मिळायचा?

बाबांना सांग, मी नीट जेवते. फोन मुद्दाम करत नाही. माझा आवाज ऐकला की ते बोलायला धडपडतात आणि शब्द फुटला नाही की रडतात. त्यापेक्षा पत्रच बरं. तू नाहीतर भावोजींनी वाचून दाखवायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची अक्षरओळख नेली, पण समज नाही नेली, एवढं देवानं ठेवलं.

भावोजींना म्हणावं, आता चष्म्याच्या फ्रेमवाल्यांच्या साइटवर पासवर्ड आठवत डोकं खाजवू नका. दुकानातल्या कॉम्प्युटरला मी सगळं लक्षात ठेवायला शिकवलं आहे. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की बाकीचं तो भरतो. जुन्या बिलांच्या पाठीवर लिहिलेले पासवर्ड खुशाल फाडून टाका.

कार्यशाळेकडून अजून काही कळलं नाही. अपघातात किंवा दुखण्यात कुणाचा कान गेला, नाक गेलं, तर ते तिथं पुन्हा घडवतात. समुद्रापलीकडे जायचं आणि जागा एकच. तुमच्या दुकानातूनच अर्ज भरला आणि बाबांच्या कानावरून केलेला नमुना पाठवला, तेव्हापासून जीव टांगणीला आहे. इथं धुळीमुळे फोन दिवसभर कपाटात कोंडलेला असतो. संध्याकाळी तो हातात आला की सगळ्यात आधी मेलच उघडते. तुझ्यापाशी म्हणून सांगते, आयुष्यात एवढं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ठकी


१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. कवळ्यांच्या जागी हसले. तुझ्या विनोदाला ते हसतात, मी काही म्हटलं तर भिंतीकडे बघतात. असो.

तुझे भावोजी कॉम्प्युटरवर भलतेच खूश आहेत. नाव टाकलं की खाली काळे ठिपके मुंग्यांसारखे ओळीनं येऊन बसतात, आणि हे टाळी वाजवतात. फोनलाही तसंच करून घेतलं आहे. आता यांना स्वतःचं काहीच लक्षात ठेवायला नको. बायकोचं नावही कुणीतरी आपोआप भरून द्यावं म्हणजे झालं.

बाबांच्या पाठीला पुन्हा जखम झाली आहे. कूस बदलायला दोन माणसं लागतात आणि यांना दुकान सोडवत नाही. मी एकटीच चादर ओढून त्यांना वळवते. माझ्याही कमरेत उसण भरली आहे, पण सांगायचं कुणाला?

त्या कार्यशाळेचं फार मनावर घेऊ नकोस. मोठ्या ठिकाणी मोठी माणसं. अंथरूण पाहून पाय पसरावेत. नाहीच झालं तर तू म्हणाली होतीस तशी घरी ये. दुकानात बसायला माणूस हवाच आहे, आणि बाबांनाही तू लागतेस.

जपून राहा. आमची आठवण उतू जाऊ दे.
तुझी,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

जागा भरली. त्यांच्या साइटवर कुणा दुसरीचंच नाव आणि फोटो आहे. मला होकार नाही, नकारही नाही, साधी एक ओळसुद्धा नाही. कुत्र्याला हाड म्हणायलाही माणूस तोंड उघडतो.

त्या दिवसापासून हात माझे राहिले नाहीत. एका निवृत्त शिक्षकांची कवळी केली. बसवली तर वरचे दात खालच्यांवर टेकेचनात. बिचारे तोंड मिटायला गेले आणि जीभ चावली. लॅबच्या मालकांनी सगळ्यांसमोर ती कवळी माझ्या टेबलावर आपटली आणि विचारलं की हे दात माणसाचे आहेत का घोड्याचे. सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

ताई, तू खरं बोलतेस म्हणून तुलाच विचारते. बाबांचा कान वाईट झाला होता का गं? तू शेजारी उभी राहून बघत होतीस. तेव्हा काहीच बोलली नाहीस.

मायेत ठेव.
ठकी


११ एप्रिल

चि. ठकीस,
आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहिते. गोड बोलून तुला फसवायला मी परकी नाही.

कान मला कानासारखा वाटला नाही. मेणाचा गोळा कुणीतरी दाबून ठेवावा तसा दिसत होता. बाबांसमोर धरलास तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. तुला वाटलं थकले. मला तेव्हाच कळलं होतं, पण तू एवढी फुललेली होतीस की बोलवलं नाही. त्या लोकांनी उत्तर दिलं नाही यात मला नवल वाटत नाही. वाईट बोलण्यापेक्षा गप्प राहिले, हा त्यांचा चांगुलपणाच म्हणायचा.

दात ओळीत लावणं वेगळं आणि माणसाचा चेहरा घडवणं वेगळं, बाळ. सगळ्यांच्या हातात सगळं नसतं. आईच्या मागे मी तुला वाढवलं, तुझी पोच मला नाही कळणार तर कुणाला? आणि आता तर दातही चुकायला लागले म्हणतेस. मग तिथं लोकांची बोलणी खात कशाला बसायचं? नोकरी सोड आणि घरी ये. इथं तुला कुणी हसणार नाही.

बाबांच्या खोलीत तुझ्यासाठी खाट टाकून ठेवली आहे.

वाट बघत आहे, हे विसरू नकोस.
तुझी,
ताई


१६ मे

ताई,

वरचा नमस्कार राहिला. हात वळला नाही.

तुझं पत्र आल्यावर मी नोकरीचा राजीनामा दिला. मालकांनी थांब म्हटलं नाही. सामान बांधायला घेतलं आणि मनात आलं, जायच्या आधी एकदा त्या कार्यशाळेच्या मुख्य बाईंना विचारावं, माझ्या कामात नेमकं काय कमी पडलं. जागा नको, निदान शिकायला मिळेल. मेल पाठवली.

त्यांचं उत्तर आलं. त्या गोंधळल्या होत्या. म्हणाल्या, आलेल्या नमुन्यांत तुमचा कान सगळ्यात सरस होता. पाळीमागची सुरकुतीसुद्धा तुम्ही सोडली नव्हती. फेब्रुवारीतच आम्ही तुम्हाला जागा देऊ केली. तुम्हीच नको म्हणालात. आम्ही पुन्हा विचार करा म्हणून लिहिलं, तर तुम्ही दुसऱ्यांदा नको म्हणालात.

माझी ती दोन्ही उत्तरं त्यांनी मला परत पाठवली. वडिलांची सेवा हेच माझं खरं काम आहे, असं मी म्हणे मनानं घेतलं आहे. ताई, मनानं घेतलं असं आपल्या घरात एकच माणूस म्हणतं.

माझ्या मेलमध्ये त्यातलं काहीच नाही. आलेलं पुसलं, गेलेलंही पुसलं. मग माझं खातं कुठंकुठं उघडं आहे ते पाहिलं. माझ्या फोनशिवाय एकाच जागी होतं, भावोजींच्या दुकानात. अर्ज भरला त्या दिवशी कॉम्प्युटरनं मला विचारलं होतं, पासवर्ड लक्षात ठेवू का? तेवढ्यात बाबा कण्हले म्हणून मी हो दाबलं आणि आत धावले.

तू माझी जागा घालवलीस ते एक वेळ समजू शकेन. पण नंतर कानाबद्दल जे लिहिलंस ते का लिहिलंस? जागा तर गेलीच होती. मग माझे हात का तोडलेस?

एवढंच सांग.
ठकी


२४ मे

चि. ठकीस,
भावोजींचे आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. गोड मानून घे.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा ताई औषधं आणायला गेली होती. पाकिटावरचं अक्षर तुझं, म्हणून नेहमीसारखं बाबांजवळ बसून मोठ्यानं वाचायला लागलो. वर नमस्कार नाही, हे खटकलं, पण वाचत गेलो. काय आहे ते लक्षात आल्यावर थांबलो. बाबांनी चांगल्या हातानं माझी बाही धरली. सोडेचनात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं.

ताई परत आली आणि सवयीनं त्यांना सूप भरवायला बसली. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तिनं चमचा ओठाला लावला तेव्हा थुंकले, तिच्या तोंडावर. तेव्हापासून तिच्या हातचं पाणीही घेत नाहीत. मी भरवलं तर दोन घास घेतात, पण ती खोलीत आली की तेही बंद. अंग पुसायला ती जवळ गेली की डोळे मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत.

मला यातलं काही माहीत नव्हतं, हे तू मानशील का? कॉम्प्युटर माझा, दुकान माझं, आणि मी ठिपके बघून टाळ्या वाजवत होतो. तिला विचारलं तर म्हणाली की ठकीला मी उत्तर देईन, तुम्ही मध्ये पडू नका.

तू ये, ठकी. बाबांसाठी ये. ती चुकली हे मी झाकत नाही. पण ती रात्रंदिवस राबते हेही खोटं नाही.

आम्हाला परकं करू नकोस.
तुझे भावोजी


२६ मे

चि. ठकीस,

आशीर्वाद लिहिला तर तू हसशील, म्हणून ठेवला बाजूला.

मी कुलूप फोडलं नाही. आमची मेल बघायला बसले आणि तुझं नाव वर आलं. खाली ठिपके आपोआप आले. तूच शिकवलं होतंस त्याला. समोर त्यांचं पत्र होतं, कुणी उघडलेलं नव्हतं. वाचलं. तू जाणार, आणि मग माझं मढं निघेपर्यंत या खोलीतून माझी सुटका नाही, एवढंच दिसलं. मी उत्तर लिहिलं. हात थरथरला नाही. उगाच थरथरला म्हणून कशाला सांगू?

आता कानाचं. कान हुबेहूब होता. म्हणूनच तसं लिहिलं. तू वर्षातून एकदा यायचीस, बाबांच्या गालावरून हात फिरवायचीस, माती घेऊन त्यांच्यासमोर बसायचीस. ते तुझ्याकडे असे बघायचे की जणू घरात दुसरं कुणी नाहीच. माझ्याकडे ते बघतात चादर ओली झाली की. तुझे हात काय कामाचे आहेत हे तुला कळलं असतं, तर तू दुसरीकडे कुठंतरी अर्ज केला असतास. पुन्हा गेली असतीस. हात मोडल्याशिवाय तू घरी आली नसतीस.

माफी मागत नाही. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, फक्त करून रडली असतीस.

पण आता माझ्या हातचं त्यांना विष वाटतं. पाठीची जखम उघडी पडली आहे आणि मला हात लावू देत नाहीत. म्हातारा उपाशी मरेल आणि लोक म्हणतील की लेकीनं मारला. तू ये आणि भरव त्यांना. तुझ्या हातचं खातील.

ताई


३ जून

ताई,

तू लिहिलंस ते बरं केलंस. खरं बोललीस, एवढ्यासाठी वाचून झाल्यावर पत्र फाडलं नाही.

कार्यशाळेत जागा नाही. ती दुसरी मुलगी रुजू झाली आणि तिचं काम चांगलं आहे, असं बाईंनी कळवलं. तिला उठवून मला बसवा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? लॅबच्या मालकांकडे जाऊन राजीनामा परत मागितला. माझी जागा त्यांनी दिली नाही. आता मी मागच्या खोलीत प्लास्टर कालवते आणि साचे धुते. माझ्या जुन्या टेबलावर सुरी बोथट करणाऱ्या त्या बाई बसतात.

सोबत बाबांसाठी पत्र आहे. त्यात सगळं खोटं लिहिलं आहे. ते भावोजींनी वाचायचं नाही. त्यांना खोटं वाचता येत नाही. तुला येतं. तू बाबांसमोर बसायचं आणि न अडखळता वाचायचं. ते जेवतील.

मात्र एक समजून घे. त्या पत्रात मी समुद्रापलीकडे गेलेली आहे. गेलेलं माणूस उद्या दारात उभं राहू शकत नाही. म्हणजे बाबा आहेत तोवर मला तुझ्या घरी येता येणार नाही. कूस बदलायला नाही, तुझी कंबर धरली तरी नाही, शेवटच्या दिवशीही नाही. मी जवळ राहावं म्हणून तू माझ्या नावानं लिहिलंस. मी माझ्याच नावानं लिहून लांब गेले.

मलाही बाबा दिसणार नाहीत. ते मी गृहीत धरलं आहे. तू तुझं धर.

ठकी


(सोबतचे पत्र)

३ जून

ती. बाबांस,
ठकीचा शि. सा. न.

तुम्ही रागावला आहात असं कळलं. रागावू नका. सगळा घोळ निस्तरला. मी कार्यशाळेच्या बाईंना खरं काय ते कळवलं आणि त्यांनी मला जागा दिली. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा मी बोटीत असेन.

ताईनं जे केलं ते माझ्यावरच्या मायेपोटी केलं. मी तिला माफ केलं आहे. तिच्या हातचं जेवा. नाही जेवलात तर माझं तिथं कामात लक्ष लागणार नाही, आणि मग लोकांना वाकडी नाकं मिळतील. तुम्हाला चालेल का?

तुमची माया पाठीशी असू दे, म्हणजे झालं.
तुमची,
ठकी


२९ जून

चि. ठकीस,
आशीर्वाद.

वाचलं. तू सांगितलंस तसं, न अडखळता. माफ केलं आहे, ही ओळ वाचताना पदर डोळ्यांना लावला. बाबांनी बघितलं. त्यांना वाटलं, मला आनंद झाला. चांगला हात उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जेवतात. जखम भरत आली आहे. रोज उशीकडे बोट दाखवतात. पत्र तिथं ठेवलं आहे. ते पुन्हा वाचायचं. दिवसातून कितीदा तरी वाचते. आता मला ते पाठ झालं आहे, तरी कागद समोर धरावा लागतो. कोण आलं तरी समुद्राकडे बोट केल्यासारखं खिडकीकडे बोट करतात आणि हसतात.

यांनी कॉम्प्युटर आणि फोनमधले सगळे पासवर्ड पुसून टाकले. आता रोज पासवर्ड विसरून स्वतःलाच दाराबाहेर ठेवतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. गिऱ्हाइकांशी बोलतात तेवढंच. घरात दिवसभर माझाच आवाज असतो, तोही तुझं पत्र वाचतानाचा.

काल बाबांना वळवताना माझी कंबर गेली. जमिनीवर पडून राहिले, दुकान बंद करून हे येईपर्यंत. हाका मारल्या, पण गिऱ्हाइकांच्या गलक्यात यांना ऐकू गेल्या नाहीत. बाबा खाटेवरून बघत होते. हाक मारू शकत नव्हते.

ठकी, एकदा ये. सुट्टीवर आले म्हण. बोटीनं गेलेली माणसं सुट्टीवर येतात. चार दिवस त्यांना बघ आणि मला पाठ टेकू दे. वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस. मी माफी मागत नाही म्हणाले होते, ती आता मागते. अजून काय करू सांग?

तोडू नकोस.
तुझी,
ताई


१२ जुलै

ती. बाबांस,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. इथली खोली उजेडाची आहे. मोठं टेबल आणि मान वळेल तिकडे वळणारा दिवा आहे. शेजारी काम करणारा माणूस दिवसभर शीळ घालतो आणि स्वतःची कात्री स्वतःच लपवून मग शोधत बसतो.

पहिलंच काम एका वेल्डिंग करणाऱ्या बाईंच्या नाकाचं मिळालं. टाकी फुटून भाजल्या होत्या. त्यांचा जुना फोटो समोर ठेवला, पण त्या म्हणाल्या की पहिलं नाक मला कधीच आवडलं नव्हतं, आता करतेच आहेस तर जरा सरळ कर. आम्ही दोघी हसलो. त्वचेचा रंग जुळवायला फार वेळ लागला. उन्हात वेगळा दिसतो, दिव्याखाली वेगळा. लावून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? खिशातून चष्मा काढून घातला. इतके दिवस तो टेकायलाच जागा नव्हती.

कार्यशाळेच्या मुख्य बाई माझ्या कामावर खूश आहेत. म्हणाल्या, असे हात फार क्वचित येतात.

ताईनं सुट्टीचं विचारलं होतं, म्हणून तुम्हाला सांगते. मी विचारून बघितलं. नवीन माणसाला इथं सुट्टी नसते. पुढच्या वर्षीही मिळेल असं दिसत नाही, त्याच्या पुढच्या वर्षीचं आताच काही सांगता येत नाही. पण मला तुमची काळजी नाही. तुमचं सगळं करायला ताई आहे. तिला कंटाळा येत नाही, ती दमत नाही, आणि तुम्हाला सोडून ती कुठंही जाणार नाही, असं तिनं मनानं घेतलं आहे.

ती नीट वाचते ना? मध्येच थांबली असेल तर तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा.

दर महिन्याला लिहीन. वाट बघत चला.
तुमची,
ठकी